एका लव्हाळ्याचे दोन फटके

मला बघायला आलेल्या मंडळींपैकी मला कुणीच धड बघितलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नवरामुलगा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता, होणारे सासरे दारातल्या म्हशीकडे, आणि होणाऱ्या सासूबाई पोह्यांत शेंगदाणे किती पडलेत ते मोजत होत्या. तेरा वर्षांची नणंद तर खोलीतच नव्हती. ती आमच्या कऱ्हाटीच्या घराच्या मागच्या अंगणात उकिडवी बसून, एक डोळा मिटून, न्हाणीघराकडे टक लावून होती.

माझ्या वडिलांना वाटलं, पोरीचं काहीतरी हरवलं असेल. त्यांनी विचारलं, तर ती तोंड न वळवता म्हणाली, "तात्या, तुमच्या न्हानीचं पानी भायेर येत न्हाय. मागं फिरतंय. भिंतीत मुरतंय बघा."

त्या भिंतीच्या ओलीनं आम्ही तीन वर्षं वैतागलो होतो. दोन गवंडी येऊन गेले होते. एकानं छताला दोष दिला, दुसऱ्यानं आमच्या नशिबाला. पाहुणे गेल्यावर वडिलांनी घागरभर पाणी ओतून बघितलं, तर खरंच फरशीचा उतार उलटा. आठ दिवसांत फरशी काढून नव्यानं बसवली आणि भिंत कोरडी ठणठणीत झाली. वडील अजून सगळ्यांना सांगतात, "जावई मी नंतर बघितला. आधी त्याची बहीण पसंत केली."

ती बहीण म्हणजे वैजयंता, आमची वैजू. तुम्ही तिला ओळखत नसाल, पण पेपरच्या खेळाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात तिचा फोटो कधीतरी तुमच्या नजरेखालून गेला असेल. उन्हानं रापलेला चेहरा, डोक्यावर टोपी, आणि चेंडूच्या मागे उकिडवं बसून एक डोळा मिटलेला. व्यावसायिक गोल्फ खेळणारी बाई. आमच्या लासुर्ण्यात हे शब्द पहिल्यांदा पोहोचले, तेव्हा शेजारच्या दादांनी मैदान बघून येऊन निकाल दिला होता, "येवढं मोठं रान आन् गोटी येवढीशी? त्यापरीस ऊस लावायचा व्हता." खेळ समजावायला मला दहा मिनिटं लागली. चेंडू काठीनं मारत मारत एकामागून एक अठरा भोकांत घालायचा, आणि ज्याचे फटके सगळ्यांत कमी, तो जिंकला. दादा म्हणाले, "म्हंजे जो कमी काम करंल तो मोठा. मंग आमचं थोरलं पोरगं पाठव."

पेपरवाल्यांना वैजूबद्दल एकच गोष्ट लिहायला आवडते: धनगराची पोर, मेंढ्या हाकायच्या काठीनं गोल्फ शिकली. साफ खोटं. वैजूच्या जन्माआधीच आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मेंढरं विकून टाकली होती. खरी गोष्ट जास्त गमतीची आहे, पण ती मथळ्यात मावत नाही. आमच्या गावाजवळ एका कारखान्याची कॉलनी आहे आणि तिच्यात जुन्या साहेब लोकांनी केलेलं नऊ भोकांचं मैदान आहे. आबांचे वडील पावसाळ्यानंतर त्या मैदानात मेंढरं घालायचे, कारण गवत इतकं एकसारखं कापायला त्यांच्याइतकं स्वस्त यंत्र नव्हतं. मेंढरं गेली, कापणीयंत्र आलं, आणि ते चालवायला कॉलनीनं आबांनाच माळी म्हणून ठेवलं. उरलेल्या वेळात घरचा ऊस. वैजू शाळा सुटली की आबांच्या मागे मैदानात जायची, आणि तिथून घरी आली की पाटाच्या पाण्यावर.

पाटाचं पाणी म्हणजे काय, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमची कऱ्हाटी जिरायत, तिथं पाणी आलं की बघायला जातात. इथं कालव्याला पाळी असते. आपली पाळी आली की खोरं घेऊन उसात उभं राहायचं, एका सरीचं तोंड उघडायचं, ती भरली की मातीनं बुजवायचं आणि दुसरीचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. जमीन आपल्याला सपाट दिसते, पण पाण्याला दिसत नाही. कुठे बोटभर चढ, कुठे तीळभर खोलगट, ते पाण्याला बरोबर कळतं आणि ज्याला दारं धरायची त्यालाही आधी कळावं लागतं. वैजू नऊ वर्षांची असल्यापासून हे काम करायची आणि तिच्या सरीचं पाणी कधी फुटलं नाही. मैदानावर भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू हळूच ढकलायचा असतो, आणि तिथला उतार ओळखता ओळखता शिकलेली माणसं रडकुंडीला येतात. वैजू फक्त खाली बसायची आणि म्हणायची, "पानी हितनं असं जाईल." चेंडू तसाच जायचा.

कॉलनीतले एक निवृत्त इंजिनिअर साहेब हे दोन संध्याकाळ बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची एक जुनी काठी तिच्या उंचीला कापून आणली. फटका कसा मारायचा, हे त्यांनी शिकवलं. नियम कसे पाळायचे, ते शिकवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि साहेबांनी दिलेलं नियमांचं पुस्तक इंग्रजीत. रोज भाकरी थापून झाल्या की ओट्याशेजारी बसून मी एक नियम वाचायचे, त्याचं मराठी करायचे आणि वैजू तो पाठ करायची. चेंडू जिथं पडला तिथूनच मारायचा. त्याच्या आजूबाजूला उगवलेलं काही मोडायचं, वाकवायचं, उपटायचं नाही. वैजू म्हणाली, "म्हंजे दुसऱ्याच्या वावरात गेल्यावानी वागायचं." इतकं सोपं मराठी मला जमलं नसतं.

तिचं बोलणं हे असं. फटका चुकला की बाकीच्या मुली काठी आपटतात, डोळे पुसतात. वैजू काठी माझ्या हातात द्यायची आणि चालायला लागायची. "गेला फटका, वैनी. त्याचं सुतक न्हाय पाळायचं." कुणी श्रीमंत घरची मुलगी महागाच्या काठ्यांची पिशवी घेऊन आली आणि मी जरा दबले, तर म्हणायची, "चेंडूला काय ठावं, कुनाची पोर हाय ते?" एकदा दिल्लीच्या एका बातमीदारानं तिला इंग्रजीत विचारलं, तुमच्या खेळाचं रहस्य काय? मी शिकवलेलं सगळं इंग्रजी एकवटून ती म्हणाली, "सी वॉटर. हिट बॉल." आता गोल्फच्या मैदानात तळी असतात आणि चेंडू त्यांत जाऊ द्यायचा नसतो. तो बिचारा दोन मिनिटं तळ्याकडे बघत राहिला.

मी तिची कॅडी कशी झाले, तेही सांगते. कॅडी म्हणजे खेळाडूबरोबर पिशवी घेऊन चालणारा, लागेल ती काठी काढून देणारा, आणि धीर सुटला तर तोही गोळा करून देणारा माणूस. वैजू सोळाची होती आणि पुण्याला स्पर्धा होती. आबांना ऊसतोड, आमच्या ह्यांना कारखान्यात पाळी. मला उन्हाळ्याची सुट्टी. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "पोरगी एकटी जायाची न्हाय. तू जा संगं. पिशवीच उचलायचीय ना? पान्याची कळशी उचलतीस तशी उचल." गेले. पहिल्या दिवशी मी पिशवी डोक्यावर घेतली होती. तिथल्या एका बाईंनी फोटो काढला. तो फोटो वैजूनं अजून जपून ठेवलाय आणि मी रागावले की मला पाठवते.

तेव्हापासून दर सुट्टीत मी तिच्या मागे. नऊ भोकं झाली की आम्ही दोघी झाडाखाली बसून भाकरी आणि ठेचा खायचो, आणि बाकीच्या पोरी केळी सोलता सोलता आमच्याकडे बघायच्या. दोन वर्षांत त्यातल्या निम्म्या आमच्या डब्यावर होत्या. सगळं संपलं की वैजूची एक पद्धत होती. गुणांचा कागद अधिकाऱ्यांकडे देण्याआधी ती एकेका भोकाचे फटके मोठ्यानं वाचायची आणि दरवेळी मी म्हणायचं, "बरोबर." अठरा वेळा. मग सही.

वैजू वीस वर्षांची झाली त्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्यालाच पात्रता फेरी होती. चार दिवस खेळायचं. वरचे जेवढे नंबर ठरलेले, तेवढ्यांनाच व्यावसायिक कार्ड मिळणार. कार्ड असेल तर वर्षभर सगळ्या स्पर्धा खेळता येणार, नसेल तर वर्षभर घरी. आणि घरी आत्याबाईंनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "यंदा काय त्ये कर. न्हायतर जळोचीचं स्थळ हाय." जळोचीचा मुलगा तसा वाईट नव्हता. त्याचा मोटारींचा सर्व्हिसिंगचा धंदा होता आणि तो सज्जन होता. पण त्याच्या आईनं आधीच विचारलं होतं, लग्नानंतर पोरगी हे चेंडूचं बंद करंल ना?

शेवटच्या दिवशी वैजू अशी खेळली, की मीसुद्धा खेळ बघायला लागले. चौदा भोकं झाली तेव्हा ती कार्डाच्या रेषेच्या आत होती. पंधराव्यावर तिचा चेंडू कडेच्या वाढलेल्या गवतात गेला. मी पिशवी घेऊन चेंडूपाशी उभी राहिले आणि वैजू नेहमीसारखी पुढे जाऊन, खाली बसून, पाणी कुठं जाईल ते बघायला लागली. बरोबरच्या दोघी मुली पार पलीकडच्या कडेला होत्या.

चेंडूच्या बरोबर मागे, जिथून काठी खाली येणार तिथं, एक लव्हाळा उभा होता. चांगला वीतभर, तुकतुकीत, वर तुरा. ज्याच्या घरी ऊस आहे, त्याला लव्हाळा म्हणजे काय हे सांगायला नको. वरनं तोडला तर आठ दिवसांत चार होऊन येतो. खाली मातीत त्याची गाठ असते, ती निघाली तरच तो गेला. सात वर्षं सासरच्या उसात आणि त्याआधी माहेरच्या बाजरीत माझे हात एकच काम शिकले होते. मी वाकले. बुंध्याशी धरला, जरा हलवला आणि ओढला. गाठीसकट निघाला. समाधान वाटलं. माती झाडायला तो मी पायावर आपटला आणि तेव्हा, म्हणजे अगदी तेव्हा, मला कळलं की मी काय केलंय.

नियम मीच वाचून दाखवला होता. उगवलेलं उपटायचं नाही. आणि कॅडीनं उपटलं तरी दंड खेळाडूलाच, दोन फटके, हेही त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी इकडे तिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं. मग मी काय केलं असेल? मी तो परत लावायला बघितला. बोटानं भोक केलं, गाठ आत घातली, माती दाबली. लव्हाळा दोन क्षण उभा राहिला आणि आडवा झाला. जन्मात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, ह्या लव्हाळ्याला जगव. तेवढ्यात वैजू परत आली, मी तो मुठीत दाबला, आणि तिनं त्या मोकळ्या झालेल्या जागेतून असा फटका मारला, की चेंडू भोकातल्या झेंड्याच्या काठीपासून दोन हातांवर जाऊन थांबला. "वैनी," ती म्हणाली, "आज हात बसलाय बघ."

पुढची तीन भोकं मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू? मी स्वतःला हजार गोष्टी सांगितल्या. एवढ्याशा गवतानं काय होतं. एवढा चांगला फटका तिनं तसाही मारला असता. जळोचीची बाई डोळ्यांसमोर येत होती. लव्हाळा खिशात होता आणि त्याचा ओलसर वास मला बोटांना येत होता. अठरावं भोक झालं, हिशेबात ती रेषेच्या एक फटका आत बसली, एक दोन मुलींनी तिला मिठ्याही मारल्या. मग अधिकाऱ्यांच्या तंबूच्या बाहेर तिनं कागद गुडघ्यावर घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं भोक चार. बरोबर. दुसरं पाच. बरोबर. असं करत पंधरावं तीन, म्हणाली. आणि माझ्या तोंडातून 'बरोबर' निघेना.

"काय गं वैनी?"

मी खिशातून लव्हाळा काढून तिच्या पुढे धरला. तिनं तो हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि तिचं पहिलं वाक्य हे होतं, "गाठीसकट काढलायस की."

"वैजू, माझा हात गेला गं. कुणी बघितलं नाही, पण..."

"आपन दोघींनी बघितलं की आता." ती उठली. तंबूत जाऊन तिनं अधिकाऱ्यांना सांगितलं आणि पुराव्याला लव्हाळा टेबलावर ठेवला. ते वयस्क गृहस्थ बराच वेळ त्या लव्हाळ्याकडे बघत होते. त्यांनी चाळीस वर्षांत असा पुरावा पाहिला नसावा. मग त्यांनी मान हलवली. वैजूनं पंधराव्या भोकापुढचा तीनचा आकडा खोडून पाच केला आणि सही केली. एका फटक्यानं कार्ड गेलं.

स्वारगेटहून बारामतीच्या गाडीत तिनं खिडकीची जागा घेतली, टोपी तोंडावर ओढली आणि पाटसपर्यंत तशीच होती. झोपली नव्हती, हे मला खांद्यावरून कळत होतं. मी एकदा तिच्या हातावर हात ठेवला, तिनं काढला नाही. बारामती स्टँडवर उतरल्यावर तिनं दोन भेळी सांगितल्या, एक संपवली, माझी अर्धी घेतली, आणि तोंड पुसून म्हणाली, "घरी मी उपटला म्हनायचं."

"का म्हणून? मी सांगते ना खरं काय ते."

"म्हनायचं. बास." तोपर्यंत इंदापूरकडे जाणारी गाडी लागली होती. मी 'बरं' म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

घरी आबा म्हणाले, "येवढं नियम पाठ केलंस आन् गवताला हात घातलास व्हय गं?" वैजू म्हणाली, "हात ग्येला." आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी जळोचीला फोन लावला. माझ्या एका लव्हाळ्यापायी नणंदेचं लग्न लागायची वेळ आली होती. खरं बोलायचं धैर्य मला झालं नाही, पण भांडायचं झालं. मी आत्याबाईंना म्हटलं, एक वर्ष द्या. तिच्या वाटणीची घरातली सगळी कामं मी करते, पहाटे मैदानावर मी सोडते, शाळेआधी मीच आणते, आणि पुढच्या दिवाळीत कार्ड नाही मिळालं तर रुखवत मी सजवते. "लई पुळका आलाय ननंदेचा," आत्याबाई म्हणाल्या. पण जळोचीला थांबा म्हणून निरोप गेला. तो सज्जन मुलगा पाच महिने थांबला आणि मग त्यानं माळेगावची मुलगी केली. लग्नाला वैजू जेवून आली.

ते वर्ष आम्ही दोघींनी स्कूटीवर काढलं. पुढच्या दिवाळीत पिशवी कुणाच्या खांद्यावर, असा विषय निघाला तेव्हा साहेबांनी पुण्याचा एक तयार कॅडी सुचवला. वैजू म्हणाली, "वैनी येनार." मी म्हटलं, नको बाई, माझ्या हातांचा भरवसा नाही. ती म्हणाली, "मंग हात मागं बांधून ये." मी चारही दिवस दोन्ही मुठींत पिशवीचा पट्टा आवळून चालले. कार्ड मिळालं, आणि या वेळी रेषेच्या आत इतकी जागा होती, की मी दोन लव्हाळे उपटले असते तरी चाललं असतं. हे मी तिला म्हटलं, तेव्हा ती मैदानातच खाली बसून हसली.

मग ती चढतच गेली. तिसऱ्या वर्षी पहिला करंडक आला, मग दरवर्षी येत राहिले, आणि आत्याबाईंनी त्यातल्या सगळ्यांत मोठ्यात डाळ ठेवायला सुरुवात केली. वैजूच्या नावानं गावात कमान लागली. तिचं नाव घेऊन लासुर्ण्याच्या पाच मुली आता कॉलनीच्या मैदानावर जातात. सुट्टी नसेल तेव्हा तिच्याबरोबर तयार कॅडी असायचा, मे महिन्यात मात्र मीच. आणि घरात एक गोष्ट कायमची झाली. कुणीही पाहुणा आला, चहा झाला, की आबा सुरू करायचे: आमच्या वैजूनं एकदा गवत उपटलं आन् वर्ष घालवलं. माणसं हसायची, वैजू हसायची. मी आत जाऊन भांडी घासायचे.

यंदा ती परदेशातल्या मोठ्या मालिकेसाठी निघाली. जाण्याआधी चार दिवस एक बातमीदार मुलगी घरी आली. वैजू पुढच्या खोलीत बॅग भरत होती, आबा खुर्चीत. मी चहा घेऊन बाहेर आले आणि आबांनी नेमकी तीच गोष्ट काढली. मुलगी भराभर लिहून घेत होती. आता हे छापून येणार, असं मनात आलं, आणि मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "आबा, ते गवत वैजूनं नाही उपटलं. मी उपटलं होतं."

बॅगेची चेन ओढता ओढता वैजूचा हात थांबला. आबांनी चहाची बशी उचलली, फुंकर घातली, आणि म्हणाले, "मला तवाच शंका आली व्हती. ही पोरगी आन् तण उपटंल? अगं, खुरपायला चल म्हनलं की ही पान्यावर पळायची. हिला लव्हाळा कुठला आन् गुरांचा घास कुठला त्ये अजून कळत न्हाय." आणि ते इतके हसले, की बशी सांडली. बातमीदार मुलगीही हसली. मला रडू आणि हसू एकदम आलं.

आत्याबाई मात्र आतून सगळं ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर निवडताना म्हणाल्या, "बघून उपट बाई. तुझ्या हाताला सवय हाय." तिसऱ्या दिवशी दळणाला आलेल्या शेजारणीला सांगताना ऐकलं, "पोरीचं एक वरीस ग्येलं त्ये हिच्यामुळं. सात वर्षं बोलली न्हाय." बोलल्या ते खोटं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

विमानतळाची गाडी दारात आली. आत्याबाईंनी वैजूच्या हातावर दही ठेवलं, आबांनी उगाच टायर तपासले. मी तिची पिशवी मागच्या डिकीत नीट लावत होते, ती शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं कोण जाणे. मी विचारलं, "वैजू, तेव्हा तू स्वतःवर का घेतलंस गं? आबा काय मला खाणार होते?"

"आबा न्हाय," ती म्हणाली. मग ओटीकडे पाठ करून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "लेकीची चूक चार दिसांत हसन्यावारी जाती, वैनी. सुनंची घरात ऱ्हाती. मी काय, आज हितं, उंद्या तितं. तुला तर हितंच ऱ्हायचं व्हतं."

तिनं माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि गाडीत बसली. आबांनी हात केला, गाडी कालव्याच्या पुलावरून वळली, आणि मी रस्त्यातच उभी राहून पदरात तोंड घालून रडले. चौदा वर्षांपूर्वी मला बघायला आलेल्या माणसांपैकी, मी ह्या घरात कुठे आणि कशी उभी आहे, हे तिनं एकटीनं नीट बघितलं होतं. आणि मी मात्र इतकी वर्षं शाळेत, माहेरी, गावभर सांगत फिरत होते, की वैजूचं ओझं मी वाहते.